जुन्या बोटीच्या सुकाणूचे बुश: कोणतं मटेरियल, किती फट?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच कळेल. ३२ फुटी जुनी शीडनौका. सुकाणूला खालून कसलाही आधार नाही, पातं नुसतं शाफ्टवर लोंबतंय. शाफ्ट स्टेनलेसचा, ‘५० मिमीच्या आसपास’. वरच्या आणि खालच्या बुशात, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळीसारख्या बेअरिंगांत, ८० सेंमी अंतर, आणि खालच्या बुशाच्या खाली पातं १२० सेंमी. बोट सध्या जमिनीवर आहे, पात्याचं टोक हाताने ढकललं की १२ मिमी हलतं आणि मागून लाटा आल्या की रात्रभर ठकठक चालते. जुने बुश पांढऱ्या प्लास्टिकचे. नवे नायलॉनचे करावेत, डेलरिनचे की गनमेटल या ब्राँझचे, आणि शाफ्ट-बुशात फट किती ठेवावी?

मटेरियलचं सांगतोच. पण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकले ते ‘आसपास’ आणि ‘१२ मिमी’ हे दोन शब्द. बुशाचं मटेरियल चुकलं तर तो काही वर्षं आधी झिजतो. माप चुकलं तर पहिल्याच हंगामात सुकाणू आवळतं, नाहीतर नवा बुश घालूनही ठकठक तशीच राहते. म्हणून आधी मापांकडे वळू.

१२ मिमीपासून सुरुवात करू. तुमच्या मापांत टोकाचा खेळ (मोकळी हालचाल) आणि बुशातली फट यांचं नातं सोपं आहे. खालच्या बुशातली फट टोकाशी अडीच पटीने दिसते, कारण २०० सेंमी भागिले ८० सेंमी. वरच्या बुशातली दीड पटीने दिसते, १२० भागिले ८०. दोन्हीकडे अर्धा मिमी फट असेल तर टोक २ मिमी हलेल. उलट हिशेब केला तर तुमच्या १२ मिमीसाठी दोन्हीकडे ३-३ मिमी फट हवी. एवढी झीज एकट्या बुशाची सहसा नसते. माझा संशय असा, की दुसरंही काहीतरी हलतंय.

हलायला जागा तीन. शाफ्ट आणि बुश यांच्यात, बुश आणि तो जिच्यात बसतो ती ट्यूब यांच्यात, आणि ट्यूब आणि बोटीचा तळ यांच्यात. हे शोधायला उपकरण लागत नाही, हाताचं बोट लागतं. एकाला पातं हळूहळू डावी-उजवीकडे ढकलायला सांगा. तुम्ही खाली बसून बोटाचं टोक निम्मं शाफ्टवर आणि निम्मं बुशाच्या कडेवर टेकवा. सांध्यात फरक असेल तर बोटाला पायरी वर-खाली होतेय असं स्पष्ट जाणवतं, डोळ्यांना दिसत नसलं तरी. मग बोट बुश आणि ट्यूबच्या सांध्यावर न्या. मग आत जाऊन ट्यूब तळाला मिळते तिथे. या शेवटच्या जागी काही जाणवलं, किंवा फायबरमध्ये केसासारखी भेग आणि पाण्याचा ओघळ दिसला, तर बुशाचा विचार तिथेच थांबवा. ते काम लॅमिनेशनचं, म्हणजे फायबरचे थर पुन्हा चढवण्याचं आहे, आणि ते आधी करायचं. सैल ट्यूबमध्ये घट्ट बुश घातला तर ठकठक थांबेल, पण सगळा धक्का ट्यूबच्या मुळाशी जाईल.

आणखी एक तपासणी. सुकाणू मध्यभागी ठेवून खेळ मोजा, मग डावीकडे ३० अंश, मग उजवीकडे. सगळीकडे खेळ सारखा असेल तर झीज. एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल लागत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे, किंवा वाटोळा राहिलेला नाही. वाकलेल्या शाफ्टवर कोणत्याही मटेरियलचा बुश टिकत नाही.

आता ‘५० मिमीच्या आसपास’. जुन्या बोटींपैकी कित्येक इंचांच्या जमान्यातल्या. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, पावणेदोन म्हणजे ४४.४५, दीड म्हणजे ३८.१. मेट्रिक ५० समजून बुशाला ५०.३ चा बोअर (आतलं भोक) मारला आणि शाफ्ट निघाला दोन इंची, तर बुश त्यावर चढणारच नाही. ही चूक मी दुसऱ्यांची पाहिली आहे आणि स्वतःही एकदा केली आहे. सुकाणू खाली उतरवल्यावर शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियरवर भागवू नका. बुश बसतो ती जागा वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोन मापं. मग जिथे बुश कधीच घासला नाही अशा जागी एक माप घ्या, ते मूळ माप. झिजलेली जागा लंबगोल निघेल. पात्यावर दाब दोन्ही बाजूंनी आडवा येतो, त्यामुळे शाफ्ट आडव्या दिशेला जास्त झिजतो.

ट्यूबचंही तसंच. फायबरची ट्यूब असेल तर ती बाजारातल्या पाइपासारखी गोल नसते, हाताने गुंडाळलेली असते. तीन उंचींवर दोन-दोन मापं घ्या, टेलिस्कोपिक गेजने (आतला व्यास मोजायचं साधन).

आणि जुना बुश मोजून नवा करू नका! तो आतून झिजलेला आणि बाहेरून फुगलेला असतो. ट्यूबमधून ठोकून काढला की दाब सुटतो, आणि बाहेरचा व्यास ट्यूबपेक्षा मोठा भरतो. महिनाभर बाकावर पडून वाळला तर लहान भरतो. त्याच्याकडून फक्त लांबी, कॉलरचा आकार आणि स्क्रूच्या जागा घ्या.

फुगण्याचा विषय निघालाच आहे तर माझी गोष्ट सांगतो. उमेदवारीच्या काळात मी एका बोटीसाठी नायलॉनचे बुश केले. लेथवर झकास फिनिश आलं, ०.१५ मिमी फट ठेवली, शाफ्ट लोण्यासारखा फिरत होता, मालक खूश. दोन महिन्यांनी निरोप आला की टिलर (सुकाणूचा दांडा) दोन हातांनी ओढावा लागतोय. बोट पुन्हा वर काढली, तर शाफ्ट बुशात असा आवळलेला, की सुकाणू खाली उतरवायलाच दुपार गेली. बुश खराब नव्हता, नुसता पाणी प्यायलेला होता. तेव्हापासून मी त्याच रॉडमधून एक चकती कापून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकतो आणि दर रविवारी मोजून वहीत लिहितो. नव्या मटेरियलबद्दल विक्रेत्याच्या तक्त्यापेक्षा माझा त्या बादलीवर जास्त विश्वास.

साधं नायलॉन, म्हणजे नायलॉन ६, पाण्यात पूर्ण भिजलं की वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत पाणी घेतं, आणि लांबी-रुंदीत साधारण अडीच टक्के वाढतं. बुश ट्यूबमध्ये कोंडलेला असतो, त्याला बाहेर फुगता येत नाही. त्यामुळे भिंतीची जाडी वाढते ती आत येते, आणि घेर वाढायला जागा नसल्यामुळे तो ताणही आतच ढकलतो. पातळ भिंतीच्या बुशांसाठी माझा ठोकताळा असा: भिंतीची जाडी गुणिले फुगण्याचं प्रमाण गुणिले अडीच, तेवढा बोअर लहान होतो. तुमची भिंत ६ मिमी धरली तर ६ गुणिले ०.०२५ गुणिले २.५, म्हणजे जवळजवळ ०.४ मिमी. माझ्या ०.१५ चं काय झालं असेल ते उघड आहे. याच ठोकताळ्यातून दुसरीही गोष्ट निघते: भिंत जितकी पातळ तितकं फुगणं कमी. ‘जाड बुश म्हणजे मजबूत बुश’ हे इथे लागू पडत नाही.

मग नायलॉन वाईटच का? नाही. ०.५-०.६ फट ठेवून बसवलं तर चालतं, जुन्या बोटींवर वर्षानुवर्षं चाललं आहे. फक्त पहिले काही महिने ते सैल वाजतं, आणि बोट दरवर्षी लांब मुदतीसाठी बाहेर काढली तर वाळून पुन्हा सैल होतं. चांगला पर्याय हाताशी असताना हा त्रास मी घेत नाही.

तो पर्याय म्हणजे एसीटल. डेलरिन हे त्याच्याच एका प्रकाराचं व्यापारी नाव. पूर्ण भिजून ते एक टक्क्याच्या आत पाणी घेतं. वरच्या हिशेबाने ६ मिमी भिंतीला ०.०५ च्या आसपास फरक पडतो. लेथवर सुरेख कापलं जातं. एक बारीक गोष्ट: डेलरिनसारख्या होमोपॉलिमरच्या जाड रॉडच्या मधोमध कधीकधी बारीक छिद्रांची रेघ असते. बुशात मधला भाग कापूनच जातो म्हणून आपल्याला फरक पडत नाही, पण त्याच रॉडमधून थ्रस्ट वॉशर, म्हणजे उभा भार घेणारी चकती, कापणार असाल तर बघून घ्या. कोपॉलिमर या एसीटलच्या दुसऱ्या प्रकारात ही भानगड कमी.

त्याच्याही एक पायरी पुढे बेअरिंगसाठी बनवलेलं पीईटी. पाणी अर्धा टक्का, उष्णतेने प्रसरण एसीटलपेक्षा कमी. मिळालं तर मी तेच घेतो. फक्त ते जरा ठिसूळ असतं, कोपऱ्यात धारदार खाच ठेवू नका.

अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिन, म्हणजे यूएचएमडब्ल्यू, पाणी जवळजवळ घेतच नाही आणि वाळूला दाद देत नाही. पण ते मऊ असतं आणि उन्हाने फार वाढतं. २० अंशांच्या फरकाला ६ मिमी भिंतीत ०.०६ मिमी आत येतं, एसीटलच्या जवळपास दुप्पट. शिवाय सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं. टेफ्लॉन तर दाबाखाली आणखी सरकतं. ‘सगळ्यात गुळगुळीत’ म्हणून कुणी सुचवलं तर कृपया नको.

गनमेटल किंवा ॲल्युमिनियम ब्राँझ स्टेनलेस शाफ्टवर चांगलं चालतं, फुगण्याचा प्रश्नच नाही, ०.१५ ते ०.२ फटीत काम होतं. पण त्याला ग्रीसचा निपल हवा, वाळू शिरली तर झीज शाफ्टची होते, आणि बुश बदलणं सोपं, शाफ्ट बदलणं महाग. बोट मुळातच ब्राँझ बुशांसाठी बनली असेल तर ब्राँझच ठेवा. पिवळं पितळ मात्र समुद्राच्या पाण्यात अजिबात नको, त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरतो.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा शाफ्ट ॲल्युमिनियमचा असेल तर त्यांच्यासाठी नियम वेगळा. ब्राँझ बंद. ग्रॅफाइट किंवा कार्बन भरलेलं काळं प्लास्टिकही बंद, कारण मिठाच्या पाण्यात ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला खातं. साधं, न भरलेलं प्लास्टिकच घ्या. आणि अशा बोटीचं सुकाणू आवळलं तर लगेच बुशाला दोष देऊ नका. झिजलेल्या ॲनोडायझिंगखाली (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) पांढरी भुकटी धरते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि फट भरून टाकते. तिथे बोअर मोठा करून उपयोग नसतो, शाफ्ट साफ करून पृष्ठभागाचा बंदोबस्त करावा लागतो.

ताकदीबद्दल बरेच जण काळजीत असतात: प्लास्टिक एवढा भार सोसेल का? हिशेब करून बघा. पात्यावर ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोचा आडवा जोर धरा, आणि तो खालच्या बुशाच्या ६० सेंमी खाली लागतोय असं समजा. मग वरच्या बुशावर २२५० न्यूटन, आणि खालच्यावर दोन्हींची बेरीज, ५२५०. खालचा बुश ७५ मिमी लांब, शाफ्ट ५० चा, तर दाब चौरस मिलिमीटरला १.४ न्यूटन. वर सांगितलेली सगळी प्लास्टिकं हा दाब आरामात सोसतात. खरा त्रास वेगळा असतो. शाफ्ट भाराखाली किंचित वाकतो आणि बुशाच्या खालच्या कडेवरच टेकतो. म्हणून बुश दीड व्यासापेक्षा फार लांब करून काही मिळत नाही, आणि बोअरच्या दोन्ही तोंडांना दीड-दोन मिमीची गोलाई जरूर द्या. टर्नरला हे आवर्जून सांगावं लागतं, नाहीतर तो नुसती धार मोडून देतो.

आता फट. तुमच्यासाठी मी एसीटल किंवा पीईटी धरतोय. पाण्यात, उन्हाळ्यात, सगळं फुगून झाल्यावरही ०.१५ मिमी उरली पाहिजे. त्यात पाण्याचे ०.०५ मिळवा, उष्णतेचे ०.०३, आणि वरचा-खालचा बुश कधीच अगदी एका रेषेत नसतात त्यासाठी ०.०७. झाले ०.३. म्हणजे बुश ट्यूबमध्ये बसवल्यानंतर बोअर शाफ्टपेक्षा ०.३ मिमी मोठा हवा. ‘बसवल्यानंतर’ हा शब्द सोडू नका. बुश ट्यूबमध्ये ०.१ मिमी दाबून बसवलात तर बोअरही जवळपास तितकाच आवळतो, म्हणून लेथवर तो शाफ्ट अधिक ०.४ ठेवायचा. दोन्हीकडे ०.३ म्हणजे टोकाशी १.२ मिमी खेळ. नव्या बुशांसोबत एवढा खेळ हाताला लागला तर घाबरू नका, तो मुद्दाम ठेवलेला आहे. यूएचएमडब्ल्यू घेतलंत तर ०.४ ते ०.५ ठेवा.

हा आकडा शाफ्ट गोल असेल तरच खरा. लंबगोल शाफ्टवर बोअर मोठ्या व्यासाप्रमाणे करावा लागतो, मग आडव्या दिशेला फट आपोआप जास्त राहते. झीज ०.२ पर्यंत असेल तर मी तशीच सोडतो. त्याहून जास्त असेल तर शाफ्ट लेथवर हलका कापून गोल करायचा आणि बुश त्या मापाचा करायचा. पण कापताना हात आखडता घ्या. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनावर जाते, ५० चा ४९ केला तर ६ टक्के गेली, ४८ केला तर साडेअकरा टक्के. आणि ती जाते नेमकी खालच्या बुशाशी, जिथे शाफ्टला सगळ्यात जास्त वाकवणारा जोर असतो. वरच्याच उदाहरणात तिथे भरीव शाफ्टमध्ये चौरस मिलिमीटरला सुमारे १४७ न्यूटनचा ताण येतो, त्यामुळे हातात फार राखीव नसते.

त्याच जागी स्टेनलेसचा दुसरा शत्रू असतो. बुशाच्या आत पाणी साचून राहतं, त्याला ऑक्सिजन मिळत नाही, आणि स्टेनलेसचा संरक्षक थर तिथे टिकत नाही. तपकिरी डाग आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे शोधा. सापडले तर डाय पेनिट्रंट (भेगांत शिरणारा रंग) मारून भेगा तपासा. भेग निघाली तर शाफ्ट बाद. तिथे वेल्डिंगचा भराव घालून वेळ मारून नेऊ नका. यासाठी मी प्लास्टिकच्या बुशात आतून तीन-चार उभ्या खाचा काढतो, २ मिमी खोल, दोन्ही टोकांना उघड्या. पाणी खेळतं राहतं आणि वाळू धुऊन जाते. अशा बुशाला ग्रीस लागत नाही, पाणीच वंगण. ग्रीस घातलं तर वाळू चिकटून उलट सहाणेचं काम करतं.

बसवण्याबद्दल थोडं. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांना ६२ मिमीचा एसीटल बुश पाव मिमीहून थोडा जास्त आक्रसतो, आणि हाताने सरकवला तरी जातो. काढल्यावर वर दव धरतं ते पुसा आणि घाई करा, मिनिटा-दोन मिनिटांत तो परत फुगतो. ट्यूब गोल नसेल तर बुश तिच्यापेक्षा दीड-दोन मिमी बारीक करा, वर मेण चोळा, आणि मधल्या पोकळीत घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. त्या वेळी दोन्ही बुश शाफ्टवर चढवूनच जागेवर धरा, म्हणजे ते आपोआप एका रेषेत बसतात. बुश इपॉक्सीने चिकटेल अशी आशा ठेवू नका, एसीटलला आणि पॉलिथिनला ते धरत नाही, आणि ते बरंच आहे, पुढच्या वेळी बुश काढायचा आहे. फिरू नये म्हणून बाजूने दोन स्टेनलेसचे स्क्रू, टोक बोअरच्या आत न येणारे. वर-खाली एक ते दोन मिमी मोकळीक ठेवा, कारण बुशाची कॉलरही फुगते आणि सुकाणू उभ्या दिशेनेही आवळू शकतं.

वरचा बुश कोरडा असतो आणि भारही कमी, तिथे तुम्हाला हवं ते चालेल. मी रॉड एकच घेतो म्हणून दोन्ही एकाच मटेरियलचे करतो, बाकी काही कारण नाही.

तर तुमच्या बाबतीत माझा कल एसीटलकडे, पीईटी सहज मिळालं तर ते. पण ऑर्डर देण्याआधी हाताच्या बोटाने ती तपासणी करा, आणि मायक्रोमीटरने घेतलेली शाफ्टची सहा मापं, न झिजलेल्या जागेचं एक आणि ट्यूबची सहा, एवढी इथे लिहा. शाफ्ट ५०.८ चा निघाला तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.